बशीरभाईंचा तिरपा आर

बशीरभाई माणसाला तोंडावरून ओळखत नाहीत. गुलमंडीवर एखादा हसत पुढं येतो, "काय बशीरभाई, ओळखलं का?" म्हणतो, आणि बशीरभाई त्याच्याकडं असे बघत राहतात, जणू बंद पाकीट समोर धरून कुणीतरी आत काय आहे ते विचारलंय. मग त्यांची नजर हळूहळू खाली उतरते, शर्टाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बटणाशी थांबते आणि एकदम चेहरा उजळतो.

"अरे! उजवीकडची चौथी बरगडी! पुढं जाऊन दोन फाटे फुटलेली! कैसे हो मियां?"

तो बिचारा भर चौकात शर्ट चाचपत निघून जातो. आपल्या बरगडीला फाटा आहे हे त्याच्या बायकोलाही माहीत नसतं.

बशीरभाई आमच्या एक्स-रे सेंटरमध्ये टेक्निशियन होते. सेंटर औरंगपुऱ्यात होतं. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. बशीरभाई छातीचे फोटो काढायचे, डॉक्टरसाहेब ते वाचायचे, आणि मी रिपोर्ट टाईप करून खिडकीतून वाटायचे. मला वाटायचं सेंटर माझ्यामुळं चालतं. डॉक्टरसाहेबांना वाटायचं त्यांच्यामुळं चालतं. बशीरभाईंना काही वाटायचं नाही, म्हणून ते चालायचं.

"चेहरा कोई बी बना लेता, बाई," ते मला सांगायचे. "हसरा बनवतो, रडका बनवतो, वरून पावडर लावतो. छाती खोटं नाय बोलत."

आमच्या ह्यांना त्यांनी अकरा वर्षं ओळखलं नाही. रोज संध्याकाळी हे मला न्यायला यायचे, रोज बशीरभाई विचारायचे, "कुणाला भेटायचंय?" हे चिडायचे. मग एकदा ह्यांना खोकला झाला, फोटो काढावा लागला. ओली फिल्म हातात धरून बशीरभाई डार्करूममधून धावत बाहेर आले आणि ह्यांना कडकडून मिठी मारली. "आत्ता ओळख झाली साहेब! काय सुंदर छाती! इतके दिवस बोलला का नाही?" त्या दिवसापासून हे घरात बनियनवर हिंडायला लागले, ते थेट शेवटपर्यंत.

त्यांची दुसरी सवय म्हणजे तीन शब्द: "दम लो... रोको... छोडो!" फोटो काढताना पेशंटला म्हणायचे हे शब्द त्यांच्या तोंडात इतके बसले होते, की कुठंही सुटायचे. माझ्या लेकीच्या लग्नात फोटोग्राफरनं सगळ्या वऱ्हाडाला नीट उभं केलं, आणि तो "जरा हसा" म्हणणार तेवढ्यात मागून बशीरभाई गरजले, "दम लो! रोको!" वऱ्हाडातल्या निम्म्या लोकांचे फोटो कधी ना कधी त्यांनी काढलेले. सगळ्यांनी सवयीनं छात्या फुगवल्या. आता "छोडो" म्हणणार, तर त्यांच्या तोंडात कुणीतरी इमरती कोंबली. इमरती संपेपर्यंत कुणी दम सोडेना. जावईबापू वांग्याच्या रंगाचे झाले. तो अल्बम बघून आजही लोक विचारतात, लग्न कार्यालयात होतं की तालमीत?

टरबूज घेताना ते बोटानं ठोकून कान लावतात आणि विकणाऱ्याला गंभीरपणे सांगतात, "याच्या डाव्या बाजूला पाणी झालंय." मटणाच्या दुकानात त्यांना उभं करत नाहीत, कारण ते टांगलेल्या बोकडाला बघून हळहळतात, "एवढ्या चांगल्या फुफ्फुसाचा प्राणी!" आणि मागच्या गिऱ्हाइकाची इच्छा मरते. ग्रहणाच्या दिवशी मात्र त्यांच्याकडं रांग लागायची. सूर्य बघायला ते गल्लीभर जुन्या फिल्मा वाटायचे. आता नात सांगते की असं बघू नये, डोळे जातात. तेव्हा आम्हाला कोण सांगणार? पण तिथंही त्यांची निवड असायची. "हे घ्या बाई, हे एका मास्तरांचं फुफ्फुस. लई साफ माणूस होता. यातून सूर्य छान दिसंल."

आता मी कोण होते ते सांगते. पुढं माझी जी शोभा होणार आहे, तिची थोडी तयारी केलेली बरी.

मी चोवीस वर्षांची होते. कडक इस्त्रीची साडी, अंबाड्यात अबोली, आणि नाकावर माशी बसायला घाबरावी असा तोरा. कॉलेजात वक्तृत्वाची ढाल मिळवली होती. परीक्षकांनी लिहिलं होतं, "आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो." त्या एका वाक्यावर मी पुढची तीस वर्षं काढली. सेंटरमध्ये बाकांच्या चारच रांगा होत्या, पण मी चाळीस धरून बोलायचे. रिपोर्टच्या खालची ओळ वाचायची आणि खिडकीतून हाळी द्यायची, "छातीत पाणी झालंय ते कोण? या! डाग पडलेले, तुम्ही बसा, तुमचा शिक्का राहिलाय! पुढचा!"

एकदा एक नवी सून सासूबरोबर आली होती. फुलंब्रीकडची असावी. मी तिचं नाव आणि आजार दोन्ही एका दमात पुकारलं. सासू उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. मला वाटलं, पंख्याखाली गेली.

मी अशी हुशार होते.

माझं आणि बशीरभाईंचं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. छातीचा फोटो काढताना कोपऱ्यात शिशाचं एक अक्षर ठेवावं लागतं. नाहीतर फिल्म उलटी धरली की डावं-उजवं कळत नाही. बशीरभाईंकडं बोटाच्या पेराएवढा इंग्रजी आर होता. तो कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात. घरी जाताना खिशात, नमाजाला जाताना खिशात. फोटोच्या आधी तो काढायचे, जागेवर ठेवायचे, मग "दम लो." आणि बऱ्याच फोटोंत हा आर कलंडलेला! दारू पिऊन भिंतीला टेकल्यासारखा. बाकीच्या फोटोंत मात्र शाळेच्या कवायतीला उभा केल्यासारखा ताठ.

मला तिरपं चालत नसे. मी बशीरभाईंना सांगून पाहिलं. "हौ बाई," म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिरपा. शेवटी मी डॉक्टरसाहेबांकडं लेखी तक्रार दिली. पहिलं वाक्य अजून पाठ आहे: "सरळपणा हा कोणत्याही संस्थेचा पाया असतो." डॉक्टरसाहेबांनी पूर्ण दोन पानं वाचली, कागदाची घडी घातली, ती डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली ठेवली आणि म्हणाले, "त्याचा आर तसाच आहे बाई. राहू द्या."

माझी दुसरी तक्रार मी मनातच ठेवली होती. एव्हाना रिपोर्ट बंद पाकिटांतून जायला लागले होते, मी वरचं नाव तेवढं पुकारायचे, "घेऊन जा! पुढचा!" डॉक्टरसाहेब काही पेशंटना रिपोर्ट माझ्या खिडकीतून देत नसत. आत बोलवायचे, खुर्ची द्यायचे, चहा मागवायचे. आणि बोलवायचे कुणाला, तर हाडं निघालेला एखादा म्हातारा, कडेवर पोर घेतलेली बाई, तोंडाला उपरणं लावून खोकणारा हमाल. टाईप करताना मी स्पेलिंगं बघायचे, माणसं नाही, त्यामुळं मी आपली समजूत करून घेतली होती की हे सगळे डॉक्टरसाहेबांचे नातेवाईक. घरी येऊन ह्यांना सांगायचे, "साहेबांचं गोत केवढं मोठं हो! आणि सगळेच किती हडकुळे!"

असो. डॉक्टरसाहेब गेले, सेंटर बंद झालं. भंगारवाले जुन्या फिल्मांवर टपून होते, त्यातून चांदी निघते म्हणतात. पण बशीरभाईंनी एक फिल्म जाऊ दिली नाही. डॉक्टरसाहेबांच्या मुलाला विचारून सगळी पोती शहागंजात आपल्या घरी नेली. तोवर रुकय्याभाभी, म्हणजे त्यांची बायको, जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक जालन्याला सासरी होती. घरात जागाच जागा होती.

आणि आता माझी नात, सई. ती इथंच इंजिनियरिंगचं पुढचं शिक्षण घेते आणि कॉम्प्युटरला छातीचे फोटो वाचायला शिकवते. डीप लर्निंग म्हणतात त्याला. मी तिला म्हटलं, मला सोपं करून सांग. ती म्हणाली, "आज्जी, त्याला नियम नाही शिकवायचे. नुसते हजारो फोटो दाखवायचे आणि प्रत्येकाचं उत्तर सांगायचं, हा आजारी, हा बरा. कशावरून ओळखायचं ते त्याचं तेच शोधतं."

"आणि कशावरून ओळखलं ते सांगतं का?"

"धड नाही सांगत."

"मग कळलं. माझ्या सासूबाईंसारखं आहे. आमटीचा एक घोट घ्यायच्या आणि 'जमलेली नाही' म्हणायच्या. काय जमलं नाही ते मरेपर्यंत सांगितलं नाही."

शिकवायला फोटो हवेत, तेही ढिगानं. मीच तिला बशीरभाईंची पोती दाखवली. सईच्या सरांनी रीतसर परवानग्या घेतल्या, मुलांनी प्रत्येक नावावर काळी पट्टी चिकटवली, फोटो कॉम्प्युटरात गेले. उत्तरं म्हणून जोडले डॉक्टरसाहेबांचे रिपोर्ट, म्हणजे माझं टायपिंग. त्यामुळं मशीनची निम्मी गुरू मीच, असं मी भिशीत आणि बशीरभाईंनाही सांगून ठेवलं होतं. मशीन तर इतकं हुशार निघालं, की शिकवताना न दाखवता बाजूला ठेवलेल्या फोटोंची जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर! सईच्या सरांनी पेढे वाटले. पुढच्या सोमवारी वैजापूरकडच्या एका तपासणी शिबिरात ते न्यायचं ठरलं. तिथं फोटो काढायचं यंत्र आहे, पण फोटो वाचणारा डॉक्टर रोज कुठला यायला?

न्यायच्या आधी एक चाचणी म्हणून त्याच भागातले जुने फोटो मशीनला दाखवले. कोण आजारी, कोण बरा, हे आधीच माहीत असलेले. मशीननं एकूण एक माणसाला सांगितलं, काही नाही, जा घरी.

ते कळलं तो दिवस नळाला पाणी येण्याचा होता. आमच्या गावात पाणी आठवड्यानं येतं, त्यामुळं त्या दिवशी घरात कुणाला दुःख करायला सवड नसते. मी पिंपं भरत होते आणि सई लॅपटॉप घेऊन माझ्यामागं फिरत होती.

"आज्जी, चाचणी केली म्हणून बरं. नाहीतर सोमवारी खऱ्या माणसांना सांगितलं असतं ना, जा, काही नाही! सर म्हणाले, रविवारपर्यंत कारण सापडलं नाही तर हे मशीन बंद. दोन वर्षं, आज्जी!"

"रडू नकोस, पाणी खारट होईल. काही सुगावा लागतोय का?"

"एकच. मशीन फोटोत नेमकं कुठं बघतं ते लाल रंगात दाखवता येतं. तर ते फुफ्फुसाकडं बघतच नाहीये. हे बघ, प्रत्येक वेळी कोपऱ्यातच."

मी पदरानं हात पुसले, चष्मा लावला. छाती बिचारी पांढरी-करडी, कुणी न बघितलेली. आणि वर कोपऱ्यात होळी पेटल्यासारखा लाल डाग. त्या डागाच्या मधोमध, भिंतीला टेकून उभा...

"अगं हा तर आमचा दारुड्या!" मी ओरडले. शेवटच्या रांगेपर्यंत. शेजारच्या घरात पिंप भरून वाहायला लागलं.

सईनं भराभर फोटो उघडून बघितले. आजारी माणूस, तिरपा आर. बरा माणूस, ताठ आर. पुन्हा आजारी, तिरपा. मशीननं छाती वाचायचे कष्टच घेतले नव्हते. ते कोपऱ्यातला आर बघत होतं आणि उत्तर ठोकत होतं. आणि वैजापूरकडच्या फोटोंत आर छापील, सगळे ताठ. म्हणून सगळे बरे!

"पण आज्जी, आर तर फोटो निघायच्या आधी ठेवतात ना? आजारी आहे हे तेव्हा कुणाला माहीत असणार?"

माझ्याकडं फक्त दोन पानी तक्रार होती. आम्ही रिक्षा केली आणि शहागंज गाठलं.

बशीरभाईंच्या खिडकीचं एक तावदान फुटलंय. तिथं काचेऐवजी एका खांद्याची फिल्म लावलीय. कुणाचा ते त्यांना माहीत. त्यांनी दार उघडलं, माझ्या पदराकडं बघितलं आणि म्हणाले, "आव बाई, आव. डावीकडचा जुना डाग काय म्हणतो?" मग सईच्या दप्तराच्या पट्ट्याकडं बघून गोंधळले. सईचा फोटो त्यांनी कधी काढलेला नाही.

"माझी नात," मी म्हटलं.

"बसा. ओळख नंतर करू."

चहा झाला, खारी झाली. सईनं सगळं सांगितलं. बशीरभाईंना डीप लर्निंग काही कळलं नाही, पण लाल डाग बघितल्याबरोबर ते खुर्चीतून उठले.

"नकलखोर!" ते लॅपटॉपला म्हणाले. "बेशरम! कॉपी करके पास हुआ! बेटी, याला सांग, कोपऱ्यात काय बघतो? छाती बघ, छाती!" आणि दुसऱ्याच क्षणी माझ्याकडं वळून, छाती पुढं काढून, "म्हंजे बाई, हे मशीन माझं शागीर्द झालं की! तुम्ही म्हणत होता निम्मी गुरू तुम्ही."

"आजोबा," सई म्हणाली, "पण तुम्हाला आधीच कसं कळायचं?"

"त्यात काय अवघड? पेशंटला उभं करतो. एकदा उगाच म्हणतो, दम लो, रोको. मशीन चालू करत नाय. नुसता ऐकतो. काही लोकांचा दम रोकला की सुतासारखा सरळ राहतो. काहींचा आत थरथरतो, बंद दारामागं कुणी उभं असल्यासारखा. गळ्याच्या हाडामागं खड्डा पडतो. ते बघितलं की मी आर तिरपा ठेवायचो. मग खरा फोटो."

"पण तिरपा कशासाठी?"

बशीरभाई खारीचे कण बोटानं गोळा करायला लागले.

"जाने दो बेटी. पुरानी बात हाय."

"सांगा ना. मला सरांना कारण द्यायचंय."

"डॉक्टरसाहेबांना निशाणी होती, ढिगातून तो फोटो आधी वाचून बाजूला काढायची. तिरपा आर दिसला की त्या पेशंटचा रिपोर्ट खिडकीवर द्यायचा नाय. आत बोलवायचं, बसवायचं, चहा द्यायचा, मग हळू आवाजात सांगायचं."

"आणि खिडकीवर का नाही?"

बशीरभाई पंख्याकडं बघत म्हणाले, "त्या टायमाला खिडकीवर एक बाई बसत होत्या. त्यांचा आवाज लई मोठा होता."

सईनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं. चांगला पंखा होता.

"एक नवी सून आली होती," बशीरभाई म्हणाले. "तिची सासू..."

"पंख्याखाली गेली," मी म्हटलं.

"हौ. पंख्याखाली." त्यांनी माझा मान राखला. "त्या दिवशी मी डॉक्टरसाहेबांना बोललो. ते म्हणाले, बाईला समजावू. मी म्हटलं, साहेब, बाईचं मन चांगलं हाय, फक्त त्याचा आवाज आपल्याला येत नाय. वरचा आवाज तेवढा येतो. आपण आर तिरपा करू."

बघा. एवढ्या मोठ्या आधुनिक यंत्राची फजिती झाली, ती माझ्या तोंडामुळं. आणि डॉक्टरसाहेबांच्या ज्या हडकुळ्या गोतावळ्यावर मी पंचवीस वर्षं जळत होते, ते पाहुणे कोण होते ते मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं.

सईला मात्र आता हुरूप आला होता. कोपरे कापून टाकायचे, मशीनला आर दिसूच द्यायचा नाही, पुन्हा पहिलीपासून शिकवायचं. ती उठली, आणि परत बसली.

"आजोबा, एक शेवटचं. एका फोटोचं कोडं सुटत नाहीये. यात आजार अगदी उघड आहे, मलाही दिसतो. रिपोर्टमध्येही आहे. पण आर ताठ. म्हणून मशीन म्हणतं, बरा माणूस. तुमचा अंदाज इतका चुकलेला हा एकच. असं कसं झालं?"

तिनं लॅपटॉप पुढं केला. बशीरभाईंनी सवयीनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि खिडकीच्या उजेडासमोर धरला, फिल्म धरतात तसा. सई हसायला लागली. "आजोबा, त्याला उजेड लागत नाही, तो..."

मी तिचा हात दाबला. नावावर काळी पट्टी होती. पण बशीरभाईंना नाव कधी लागलं होतं?

लॅपटॉप त्यांनी बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग मांडीवर घेतला.

"अंदाज चुकला नव्हता, बेटी," ते म्हणाले. "हात तिरपा झाला नाय."

ज्या दिवशी बोलायची गरज असते, त्या दिवशी ढाल कपाटात असते.

"दम रोको म्हटलं तेव्हाच कळलं मला. घरी महिनाभर ऐकतच होतो, कळून घेत नव्हतो. डॉक्टरसाहेबांनी फोटो बघितला, मला म्हणाले, बशीर, भाभीला आत घेऊन ये. मी म्हटलं, साहेब, आज नको. उद्या सकाळी आणतो, तुम्हीच सांगा, उद्यापासून जे करायचं ते करू. आज तिला खिडकीवरून जाऊ द्या."

"खिडकीवरून का?" मी विचारलं. माझा आवाज माझ्याच रांगेत राहिला.

"बाई, तुमच्या खिडकीवरून फक्त बरी माणसं जायची. इतकी वर्षं. तुम्हाला माहीत नव्हतं, पण तुम्ही ओरडलात की समजायचं, माणूस बरा हाय." त्यांनी लॅपटॉपच्या कडेवरून अंगठा फिरवला. "त्या दिवशी पण तुम्ही ओरडलात. 'रुकय्याबी! घेऊन जा! पुढचा!' मान पण वर केली नाय. लई बरं वाटलं. रिपोर्ट इंग्रजीत, तिला वाचता येत नव्हतं, मी वाचला नाय. ती म्हणाली, बघा, मी सांगत नव्हते, काही नाय म्हणून? मग आम्ही गुलमंडीवर इमरती खाल्ली. हसत होती, तुमची नक्कल करत होती. सगळ्या रस्त्यानं. 'घेऊन जा! पुढचा!'"

मला तो दिवस आठवत नाही. आठवायला हवा होता, पण नाही. बशीरभाई निदान छाती तरी बघायचे. मी पाकिटं बघायचे.

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे रेंगाळायला नको. सईनं कोपरे कापले. मशीन आधी ढ झालं, मग हळूहळू छाती बघायला शिकलं. ते पहिल्यासारखं सगळंच बरोबर सांगत नाही, पण सांगतं ते छाती बघून. शिबिर दोन महिने पुढं गेलं. सईनं मशीनमध्ये एक गोष्ट आपल्या मनानं घातली: ज्याच्या फोटोत शंका आहे, त्याचं नाव पडद्यावर येत नाही. नुसतं "आत बोलवा" येतं. सरांनी विचारलं, हे कुठून काढलं? ती म्हणाली, आमच्या घरातला जुना प्रश्न आहे.

पण त्या दुपारी आम्ही निघालो तेव्हा सईनं विचारलं होतं, "आजोबा, हा फोटो ठेवू की काढून टाकू?"

"ठेव," ते म्हणाले. "आजारी लोकांत ठेव. त्याला खोटं नको शिकवू."

सई जिना उतरून रिक्षा बघायला गेली. मी गुडघे सांभाळत दोन पायऱ्या उतरले आणि वरून हाक आली.

"बाई."

बशीरभाई दारात उभे होते. हात शर्टाच्या खिशावर. तो आर अजून तिथंच असतो.

"एकदा ओरडा ना. तसंच. खिडकीवरून ओरडायच्या तसं."

जिन्यात एक बाई तांदूळ निवडत बसली होती, खाली दोन माणसं स्कूटर पुसत होती. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईनं भर दुपारी परक्या गल्लीत बोंब मारायची म्हणजे काय! मी कठड्याला धरलं, मोठा दम घेतला. आणि तो तिथंच अडकला. आत थरथरायला लागला. बशीरभाई ऐकत होते, मान जराशी कलती करून. त्यांना सगळं ऐकू येत असणार.

"छोडो, बाई," ते हळूच म्हणाले. "छोडो."

"रुकय्याबी!" मी ओरडले. "घेऊन जा! पुढचा!"